फाशीसाठी तंदुरुस्त

काचेच्या पेटीतल्या यकृताने त्या सकाळी पहिल्यांदा पित्त गाळलं. विभावरी वैरागडे नळीकडे टक लावून उभी होती. हिरवट पिवळा थेंब नळीच्या तोंडाशी जमला, फुगला आणि खालच्या बाटलीत पडला. मग दुसरा. दहा आठवडे तिने त्या लालसर गोळ्याची तान्ह्या बाळासारखी निगा राखली होती. आज तो नुसता मांसाचा गोळा राहिला नव्हता, जिवंत अवयव झाला होता. हातमोजे तिथेच टाकून ती धावत वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात गेली.

"कौसल्याबाई, तयार झालं! उद्या ऑपरेशन."

कौसल्याबाई भोयर बाकावर बसून डब्यातल्या भाताला चमच्याने उगीच टोचत होत्या. उमरेडला त्यांची खानावळ होती. तिला कुलूप लावून त्या दिवाळीपासून नागपूरच्या या सरकारी अवयव केंद्राच्या व्हरांड्यात मुक्काम ठोकून होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी रेशमा आत खाटेवर होती. ती एसटीत कंडक्टर होती.

"खरं म्हणता म्याडम?" त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. "माह्या पोट्टीले सांगतलं का? थांबा, मीच सांगतो."

रेशमाला जन्मापासून सिकलसेल होता. पूर्व विदर्भात घराघरांत सापडणारा हा आजार. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात आणि एकेक अवयव उपाशी मारतात. रेशमाचं यकृत असंच गेलं होतं. आईने आपलं अर्धं यकृत देऊ केलं होतं. पण लहानपणापासून इतक्या जणांचं रक्त चढवून चढवून रेशमाचं शरीर परक्या पेशींवर तुटून पडायला शिकलं होतं. आईची पेशीसुद्धा त्याला शत्रूच वाटत होती.

तिला चालणारं यकृत एकच होतं, विभावरीच्या पेटीतलं. डुकराचं यकृत घेऊन त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या की मागे एक पांढरी जाळी उरते, पानाच्या शिरांसारखी. त्या जाळीत मानवी पेशी पेरायच्या. आणि त्या पेशींवरून ओळखीच्या सगळ्या खुणा आधीच पुसून टाकायच्या, म्हणजे कुठल्याच शरीराला त्या परक्या वाटत नाहीत. मग पेटीत कोमट द्रव फिरवत राहायचं आणि वाट पाहायची. एका वेळी एकच यकृत. सगळ्या विदर्भासाठी पेटी एकच.

दुपारी संचालकांनी तिला बोलावलं. त्यांच्या टेबलावर न्यायालयाचा आदेश होता.

"बसा विभावरीबाई. हे यकृत भोयर पेशंटला जाणार नाही. केशव हटवारला द्यायचंय."

तिला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. केशव हटवारचं नाव माहीत नसलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. शेताच्या बांधावरून भांडण झालं म्हणून त्याने सख्ख्या भावाच्या घराला बाहेरून कडी घातली आणि रॉकेल ओतून पेटवून दिलं. भाऊ, भावजय, दोन लहान लेकरं. गुन्हा त्याने नाकारलाही नव्हता. आणि त्याला शिक्षा मिळवून देणारे सरकारी वकील श्रीरंग वैरागडे हे विभावरीचे पती होते.

"पण त्याला तर फाशी झालीये," ती म्हणाली.

"म्हणूनच." संचालक तिच्याकडे न बघता बोलत होते. "आजारी माणसाला फाशी देता येत नाही. हटवारचं यकृत निकामी झालंय. पूर्वी असा कैदी अंथरुणावर पडून राहायचा आणि शिक्षाही लोंबकळत राहायची. आता आपल्याकडे बरं करायचं साधन आहे. सरकार कोर्टात म्हणालं, आधी त्याला बरा करू द्या, म्हणजे फाशी देता येईल. कोर्टाने मान्य केलं."

"सर, ती मुलगी मरेल."

"पुढचं यकृत दहा आठवड्यांत तयार होईल ना? तोवर तिला मशीनवर ठेवू." त्यांनी आदेश तिच्याकडे सरकवला. "माझ्या हातात काय आहे?"

संध्याकाळी पोलिसांची गाडी आली. विभावरीने स्वतःच्या हातांनी पेटी बंद केली, कारण दुसऱ्या कुणाला ती बंद करता येत नव्हती. जिन्यापाशी कौसल्याबाई उभ्या होत्या. पोलीस पेटी खाली का नेत आहेत, हे त्यांना कळेना. त्या लगबगीने म्हणाल्या, "म्याडम, वॉर्ड तं वर आहे."

विभावरी पेटीमागोमाग जिना उतरली.

श्रीरंग घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"तू मागितलंस ते यकृत?"

"मी नाही मागितलं. सरकारने मागितलं, मी बोललो." त्याने कोट खुर्चीवर टाकला. त्याचा आवाज थकलेला होता. "त्या दोन लेकरांचे फोटो मी तीन वर्षं फाइलमध्ये घेऊन फिरलो, विभा. त्यांची आजी अजून मला फोन करते. विचारते, कधी होणार? तिला काय सांगू? आरोपीला कावीळ झालीये?"

"तिकडे एक सत्तावीस वर्षांची मुलगी आहे."

"मला नव्हतं माहीत कुणाचं आहे ते. खरंच नव्हतं." तो खाली बसला. मग तो हळूच म्हणाला, "माहीत असतं तरी मी तेच बोललो असतो बहुतेक."

हटवारवर शस्त्रक्रिया केंद्राच्या डॉ. काझींनी केली. यकृत पहिल्याच दिवसापासून उत्तम चाललं. दीड महिन्यात त्याचे डोळे पांढरे झाले, अंगावर मांस चढलं, आणि तुरुंगाच्या डॉक्टरांनी तो तंदुरुस्त असल्याचं कळवलं. फाशीची तारीख ठरली, पुढच्या महिन्यातली.

इकडे पेटीतलं दुसरं यकृत चौथ्या आठवड्यातच बुरशीने नासलं होतं. विभावरीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली होती. रेशमा आता जागी कमी आणि गुंगीत जास्त असायची. "महिना काढला तरी पुष्कळ," डॉ. काझी म्हणाले.

एका सकाळी पोहे खाता खाता विभावरी एकदम थांबली.

"अर्धं," ती म्हणाली.

"काय अर्धं?" श्रीरंगने वर्तमानपत्र खाली केलं.

"यकृत अर्धं कापलं तरी पुन्हा वाढतं. शरीरातला तो एकच अवयव तसा आहे. हटवारच्या पोटात मी वाढवलेलंच यकृत आहे ना? त्यातलं अर्धं रेशमाला दिलं तर तिचं शरीर ते नाकारणार नाही. दोघंही जगतील."

"आणि हटवार? त्याचं काय होईल?"

"धडधाकट माणसाचं जन्मापासूनचं यकृत दीड-दोन महिन्यांत भरून येतं. हे तर नुकतं कुठे रुजलंय. तीन महिने तरी लागतील. मधल्या काळात पोटात पाणी होईल, कावीळ होईल, उभं राहवणार नाही."

श्रीरंगने चष्मा काढून पुसला. "म्हणजे फाशी तीन महिने पुढे. सरकार विरोध करणार."

"सरकार म्हणजे तूच ना, श्रीरंग?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. रेशमाच्या वतीने न्यायालयात अर्ज गेला त्याच दिवशी त्याने वरिष्ठांना कळवलं की या अर्जात माझी पत्नीच तज्ज्ञ आहे, दुसरा वकील उभा करा. उत्तर आलं की खटला तुमचा आहे, तुम्हीच उभे राहा.

हटवारची संमती घ्यायला विभावरी डॉ. काझींबरोबर तुरुंगात गेली. तिच्या मनात त्या माणसाचं जे चित्र होतं, त्यात तो मोठा आडदांड होता. समोर बसलेला माणूस लहानखुरा होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून निमूट ऐकत होता. तिने सगळं समजावून सांगितलं. मुलीचं नावही सांगितलं.

"मले काय भेटन?" त्याने विचारलं.

डॉ. काझींनी चमकून विभावरीकडे पाहिलं. तिलाही राग आला. तरी तिने खरं ते सांगितलं.

"तीन महिने. आजारपणातले असतील. पण तीन महिने."

तो जमिनीकडे बघत राहिला. "माह्या मायनं मले भेटाले नकार देल्ला. तीन महिन्यांत येईनही एखादवेळेस." मग त्याने मान वर केली. "पक्कं ना म्याडम? नाई तं लोक मले काईबी सांगतात."

"पक्कं. मी शब्द देते."

त्याने अंगठा उमटवला.

अर्ज न्यायालयात उभा राहिला तेव्हा बाहेर रस्त्यावर माणसं फलक घेऊन उभी होती. फाशी टाळायचा हा नवा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आत न्यायमूर्तींनी आधीच विचारून घेतलं होतं की साक्षीदार आणि सरकारी वकील नवरा-बायको असल्याबद्दल कुणाची हरकत आहे का. हरकत घेऊन उपयोग नव्हता, कारण या विषयातला दुसरा माणूस राज्यात नव्हता.

"न्यायालयालाही ती मुलगी जगावी असंच वाटतं," न्यायमूर्ती म्हणाले. "पण शिक्षेची तारीख आता पुन्हा हलणार नाही. या चौकटीत बसत असेल तर सांगा."

श्रीरंग उभा राहिला. त्याच्या हातात प्रश्नांचा कागद होता.

"विभावरीबाई, अर्धं यकृत काढल्यावर कैदी पूर्ववत तंदुरुस्त व्हायला किती काळ लागेल?"

मागच्या बाकावर कौसल्याबाई बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. विभावरीला त्या एका क्षणात दोन्ही उत्तरं स्पष्ट दिसली. तीन महिने म्हटलं की अर्ज फेटाळला, रेशमा गेली. आणि दुसरं उत्तर? त्याने कुणाचं काय बिघडणार होतं? शस्त्रक्रिया झाल्यावर हटवार आजारी पडेल ते सगळ्यांना दिसेलच. आजारी माणसाला फाशी देत नाहीत. तारीख आपोआप पुढे जाईल. त्यालाही त्याचे तीन महिने मिळतील.

"पंधरा दिवस," ती म्हणाली.

श्रीरंगची मान झटक्यात वर आली. त्याला खरं उत्तर माहीत होतं. पोह्यांच्या बशीसमोर बसून त्याने ते ऐकलं होतं.

"नक्की?" त्याने विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी तरुण असतात. झपाट्याने वाढतात."

श्रीरंगने बायकोकडे पाहिलं, न्यायमूर्तींकडे पाहिलं. हातातल्या कागदाची त्याने घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"आणखी प्रश्न नाहीत," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्या दिवशी घरी जाताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "वीस वर्षांत मी कोर्टाला असं कधी फसवलं नव्हतं."

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी रेशमाने स्वतःहून पाणी मागितलं. आठवड्याने तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. कौसल्याबाई भेटेल त्याला घट्ट धरत होत्या. त्यांनी केंद्राच्या उपाहारगृहातल्या आचाऱ्याला बाजूला सारून पाटवड्यांचा रस्सा केला आणि अख्ख्या मजल्याला जेवू घातलं. विभावरीच्या पानात त्यांनी दोनदा वाढलं. "तुमी खोटं बोलल्या असत्या तरी मी देवापुढे तुमची बाजू घेतली असती," त्या म्हणाल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. सहज बोलून गेल्या. विभावरीने हातातला घास पुन्हा पानात ठेवला.

तुरुंगातून फोन आला तेव्हा तारीख परवावर येऊन ठेपली होती. अधीक्षक पाचपोर यांनी तिला ताबडतोब बोलावलं होतं. ती मनात म्हणाली, तारीख पुढे ढकलायची असेल, त्यासाठी माझा अभिप्राय हवा असेल.

पाचपोर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला.

"आमचे डॉक्टर तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करायला तयार नाहीत. पण निकालात तुमचं वाक्य आहे. तज्ज्ञ म्हणतात, पंधरा दिवसांत पूर्ववत. ते दिवस केव्हाच उलटले. वरून सांगितलंय की डॉक्टर सही करत नसेल तर ज्या तज्ज्ञाच्या शब्दावर कोर्टाने परवानगी दिली, त्याची सही चालेल. इथे, खाली."

"मला त्याला बघू द्या आधी."

हटवार चाकाच्या खुर्चीत होता. त्याच्या अंगाचा रंग हळदीसारखा झाला होता. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट घागरीसारखं. श्वास घेताना खांदे वरखाली होत होते. खुर्ची दवाखान्यातली नव्हती. सागवानाची होती, नवी कोरी, तिला पॉलिशचा वास येत होता.

"याला उभंही राहता येत नाही," विभावरी म्हणाली.

"म्हणून तर खुर्ची केली," पाचपोर म्हणाले. "तख्ताच्या फळीचं माप घेऊन बनवलीय. दोरीची लांबी तेवढी बदलावी लागेल, ती बदललीय. कैद्याने चालतच गेलं पाहिजे असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, मॅडम. मी दोनदा वाचलं."

त्यांच्या बोलण्यात कसलाही द्वेष नव्हता. लग्नाच्या मंडपाची व्यवस्था सांगावी तसं ते सांगत होते. ज्या माणसाला मारण्यासाठी आधी बरा केला, त्याला आता मरणाच्या दारी खुर्चीतून नेणार होते; आणि तो तंदुरुस्त आहे, असं कागदावर तिचंच वाक्य म्हणत होतं. आजारी माणसाला फाशी देत नाहीत, यावर तिने सगळी भिस्त ठेवली होती. ज्याच्या आजाराकडे सगळ्यांनी पाठ फिरवायचं ठरवलंय तो माणूस आजारी राहत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्याडम," हटवार म्हणाला. आवाज फुंकरीएवढा होता. "तीन महिने म्हटलं होतं ना?"

"हो."

"माह्या मायनं निरोप पाठवला. येतो म्हणे. पुढच्या महिन्यात." तो दम खायला थांबला. "मी चार जीव घेतले. मले मालूम आहे मी कोन आहो ते. पन हा तं सौदा होता. माहा हिस्सा मी देल्ला."

पाचपोरांनी पेन पुढे केलं. विभावरीने ते घेतलं नाही.

"मी कोर्टात खोटं बोलले," ती म्हणाली. "तीन महिने लागतात, हे मला माहीत होतं."

पाचपोरांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं नाही. घरी जा. शांतपणे विचार करा. पुन्हा हे वाक्य बोललात तर याच तुरुंगात गजांच्या पलीकडच्या बाजूला याल."

तिथून ती सरळ श्रीरंगच्या कचेरीत गेली. माणसांनी भरलेल्या खोलीतून त्याला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि सगळं सांगितलं. खुर्चीचं ऐकून तो पांढराफटक पडला. तरी तो म्हणाला, "गप्प राहा, विभा. सही करू नकोस आणि गप्प राहा. परवा संपेल सगळं."

"मी न्यायमूर्तींकडे चाललेय. तुला माहीत होतं, हे मी सांगणार नाही."

"नोकरी जाईल. तुरुंगात जाशील. कुणासाठी? त्याने पोरं जाळली, पोरं! त्याच्या तीन महिन्यांसाठी?"

"ते त्याचे आहेत. मी दिलेत."

श्रीरंगने आत जाऊन सगळ्यांना घरी जायला सांगितलं, खुंटीवरचा काळा कोट काढला, आणि तो न घालता हातात तसाच घेऊन तिच्याबरोबर चालू लागला.

"मला माहीत होतं, हे मी सांगेन," तो म्हणाला.

फाशी थांबली. पुढचे दिवस कसे गेले ते विभावरीला नंतर नीटसं आठवत नसे. तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, जामीन मिळाला, केंद्राने तिला निलंबित केलं. श्रीरंगची वकिलीची सनद गोठवली गेली. केंद्राच्या काचांवर दगड पडले. त्या दोन लेकरांच्या आजीने टीव्हीवर विभावरीचं नाव घेऊन शाप दिले आणि विभावरीने ते शेवटपर्यंत ऐकले. कौसल्याबाई एकदा घरी आल्या. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "माह्या पोट्टीसाठी खोटं बोलल्या ते समजलं जी. पन त्याच्यासाठी खरं काऊन बोलल्या?" बरोबर आलेली रेशमा मात्र आईला म्हणाली, "तू राहू दे, नको विचारू."

तिसरा महिना संपता संपता हटवार उठून बसला, मग चालू लागला. त्याची आई येऊन गेली. दोघांमध्ये काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी या वेळी कुणी न सांगता दाखल्यावर सही केली. एका सकाळी तो आपल्या पायांनी चालत गेला.

त्याच दुपारी डॉ. काझींचा फोन आला. शवविच्छेदनाच्या वेळी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"विभावरी, यकृत पाहिलं मी." ते बोलता बोलता थांबले. "पूर्ण भरून आलं होतं. कडा, रंग, शिरा, सगळं. इतकं सुंदर यकृत मी उभ्या आयुष्यात हातात घेतलं नाही. आपल्या वॉर्डात या घटकेला अकरा जण वाट बघताहेत."

"मग?"

"रक्त थांबल्यावर तासाभराने हातात आलं, आता काय उपयोग? आणि उपयोग असता तरी परवानगी नव्हती."

"मग काय केलंत?"

"वजन केलं. नोंद केली," डॉ. काझी म्हणाले. "मग परत पोटात ठेवलं आणि शिवून टाकलं."